स्वस्तात डेस्कटॉप, पुढे वाढवता येईल असा: एएम४, एएम५ की इंटेल?

माझी भाची मालवणला राहते, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी तिचा फोन आला, "मामा, माका कॉम्प्युटर होयो. आता थोड्यात भागवूया, मागीर वाढवू." गेली बरीच वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना डेस्कटॉप जोडून देतो आणि बहुतेकांची सुरुवात ह्याच वाक्याने होते. त्यात चूक काहीच नाही. डेस्कटॉप घ्यायचा तो त्यासाठीच. पण मी तिला आधी एकच विचारलं, "मागीर म्हणजे नक्की काय वाढवणार?"

ह्याचं उत्तर ठरलं की अर्धे पार्ट आपोआप ठरतात. कुणाचं "मागाहून" म्हणजे फक्त रॅम आणि एसएसडी. त्याला सॉकेट (प्रोसेसर जिथे बसतो ती बोर्डावरची जागा) कोणतं ह्याने काहीही फरक पडत नाही. कुणाचं "मागाहून" म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तिथेही सॉकेट गौण, महत्त्वाचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि कार्डाच्या स्लॉटला प्रोसेसरकडून किती लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मिळतात ते. फक्त तिसऱ्या प्रकारात, म्हणजे तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलायचा असेल तर, सॉकेटचं आयुष्य बघावं लागतं. दुकानात मात्र सगळ्यांना एकच सांगतात, "नवीन सॉकेट घ्या, फ्यूचरप्रूफ आहे." त्या एका शब्दापायी एसएमपीएसचे पैसे कापले गेलेले मी फार वेळा बघितले आहेत.

आता तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

एएमडीचं एएम४ हे सॉकेट २०१६ पासून चालू आहे. त्यात डीडीआर४ रॅम बसते. सुरुवातीला कार्ड न घेता चालवायचं असेल तर रायझन ५ ५६००जी हा त्यातला सरळ पर्याय: सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलंच व्हेगा ग्राफिक्स, ज्यावर हलके गेम आणि ऑटोकॅडचं टूडी काम आरामात होतं. ह्या सॉकेटवर नवीन पिढी आता येणार नाही. पण पुढे ५७००एक्ससारखा आठ कोअरचा प्रोसेसर ६५ वॉटमध्ये त्याच बोर्डावर बसतो, आणि सेकंडहँड बाजारात तो बराच काळ मिळत राहील. ५६००जीची एक मर्यादा मात्र आधीच माहीत असावी. त्याचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० ह्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवर चालतो. आठ किंवा सोळा लेनचं कार्ड असेल तर फारसं जाणवत नाही, पण चारच लेन असलेलं स्वस्त कार्ड, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी, घेतलं तर ते चांगलंच आखडतं.

इंटेलचं एलजीए१७०० हे २०२१ च्या शेवटी आलं आणि बाराव्या, तेराव्या, चौदाव्या अशा तीन पिढ्या त्यावर झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी नवीन सॉकेट आणलं, म्हणजे हेही आता पूर्ण झालेलं सॉकेट. ह्यातला आय५-१२४०० अजून दमदार आहे: सहा कोअर, बारा थ्रेड, आणि कार्डासाठी भरपूर लेन. आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३०, ते गेमसाठी नाही, अभ्यास आणि व्हिडिओसाठी आहे. दोन गोष्टी जपा. नावाच्या शेवटी "एफ" असेल, म्हणजे १२४००एफ, तर आतलं ग्राफिक्स नसतंच. थोडा स्वस्त म्हणून तो आणला आणि कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीही दिसणार नाही. दुसरं, ह्या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. पुढे कधी तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर जुना घ्यायचा विचार असेल तर जपून. त्यातल्या वरच्या मॉडेलना व्होल्टेजच्या दोषामुळे अस्थिरतेचा त्रास झाला होता. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, जी बायोसमधून येते) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवीन बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय कुणी बराच काळ वापरलेला असा प्रोसेसर मी घेणार नाही.

तिसरं एएम५, सप्टेंबर २०२२ चं. फक्त डीडीआर५. ह्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे, आणि ७००० नंतर ९००० मालिका त्याच सॉकेटवर आलीही. प्रोसेसर खरोखर बदलायचा असेल त्याच्यासाठी हाच रस्ता.

पण ह्यातच एक खड्डा आहे. कमी पैशात एएम५ मागितलं की हातात ८५००जी पडतो. सहा कोअर, बऱ्यापैकी ग्राफिक्स, ऐकायला छान. कार्ड कधीच लावायचं नसेल तर खुशाल घ्या. पण ह्या चिपमधून ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला फक्त चार लेन मिळतात. बोर्डावर स्लॉट सोळा लेनचा दिसतो, लांबीला पूर्ण असतो, आत जातात चारच. म्हणजे "मागीर" कार्ड लावणाऱ्याने नेमका तोच प्रोसेसर घेतला जो कार्डाचा हात धरून ठेवतो. ८६००जीला आठ लेन मिळतात. आणि कार्ड येणार हे नक्की असेल तर रायझन ५ ७६०० घ्यावा: आतलं ग्राफिक्स अगदी नावापुरतं, पण स्क्रीन चालते, आणि पुढे कार्डाला पूर्ण सोळा लेन. पैसे जास्त जातात, पण ते नेमक्या वाढवायच्या जागी जातात.

एएम५ पहिल्यांदा जोडताना एक सांगून ठेवतो, कारण ह्यावर मला रात्री अकरा वाजता फोन आलेले आहेत. पहिल्यांदा चालू केल्यावर मशीन रॅमची जुळवणी करत बसतं. काही मिनिटं स्क्रीन काळी, पंखे चालू, बाकी काही नाही. माणूस घाबरतो, बटण दाबून बंद करतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे त्यातच लाइट जाते. त्यामुळे पहिलं स्टार्ट यूपीएसवरच करा आणि हात बाजूला ठेवून चहा पिऊन या.

रॅमबद्दल जरा थांबून बोलायला हवं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं. आधी जी रॅम आपण हिशोबात शेवटी धरायचो ती आता वरच्या ओळीत आली. त्यामुळे "आता आठ जीबीची एक पट्टी, मागाहून दुसरी" हा मोह होतो. कार्ड असलेल्या मशीनमध्ये हे चालून जातं. पण ५६००जी किंवा ८५००जीसारखं आतल्या ग्राफिक्सवर चालणारं मशीन असेल तर एकट्या पट्टीने त्याचा श्वासच कोंडतो, कारण ते ग्राफिक्स रॅमच उधार घेऊन जगतं. दोन पट्ट्या असल्या की रॅमकडची वाट दुप्पट रुंद होते आणि गेममध्ये ते डोळ्यांना दिसतं. मग अडचण अशी की स्वस्त बोर्डांवर, ए५२०, एच६१०, ए६२० ह्या बऱ्याचशा बोर्डांवर, स्लॉट दोनच. आठ-आठच्या दोन पट्ट्या घातल्या की जागा संपली, पुढे वाढवायचं तर दोन्ही काढून विकायच्या. म्हणून मी डीडीआर४ मध्ये चार स्लॉटचा बोर्ड घ्यायला सांगतो, बी५५० किंवा बी६६०-बी७६० चा. डीडीआर५ मध्ये उलटं: चार पट्ट्या लावल्या की वेग खाली येतो, म्हणून तिथे सोळाची एक आता आणि तशीच दुसरी पुढे, हे ७६०० बरोबर चालतं.

एसएसडी आता ५०० जीबीची एनव्हीएमई (बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान पट्टी) घ्या आणि पुढे जा. फक्त बोर्डावर एम.२ चे दोन स्लॉट आहेत का ते बघा. एच६१० च्या कित्येक बोर्डांवर एकच असतो.

आता एसएमपीएस. इथे मी तडजोड करू देत नाही. कॅबिनेटबरोबर जो "४५० वॉट" छापलेला एसएमपीएस येतो, तो हातात घेऊन बघा, पत्र्याच्या रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. त्यात कार्डासाठीची आठ पिनांची वायर बहुधा नसतेच. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. आरटीएक्स ३०५० च्या सहा जीबीच्या कार्डाला ७० वॉट लागतात, ते वायरीशिवाय चालतं. पण आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० घ्यायचं तर आठ पिन पाहिजेतच. म्हणून पहिल्याच दिवशी नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला), ५५० वॉटचा घ्या. प्रोसेसर, रॅम, कार्ड सगळं बदललं तरी तो राहतो. आणि तो गेला तर एकटा जाईल ह्याची खात्री नसते.

किनाऱ्यावर हे जास्तच लागू आहे. मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा पडतात, लाइट डिम होते, मग एकदम जोरात येते. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरात बऱ्याचदा अर्थिंग नीट लागलेलं नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते मशीनचं वेड नाही, अर्थिंग नसल्याची खूण आहे. आधी वायरमनला बोलवा, मग कॉम्प्युटर लावा. आणि ६०० व्हीएचा यूपीएस हिशोबात पहिल्यापासून धरा, कार्ड नसलेलं मशीन नीट बंद करण्याइतकी मिनिटं त्यावर मिळतात. कार्ड आलं की तो अपुरा पडेल, तेवढं लक्षात असू द्या.

खाऱ्या हवेचंही सांगतो. गेल्या वर्षी देवगडजवळच्या एका घरातलं मशीन उघडलं, दोन पावसाळे झालेलं. "चालूच होत नाही" एवढीच तक्रार. कॅबिनेटचे स्क्रू तांबूस झालेले, मागच्या पोर्टच्या पत्र्यावर पांढरट भुकटी. रॅमची पट्टी काढली तर तिच्या सोनेरी दातांवर काळपट पापुद्रा. घरातल्या मुलाच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासलं, मऊ ब्रशने झाडून परत बसवलं आणि पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला. एसएमपीएसच्या जाळीत मात्र वाळलेली पाल होती. तो बदलावाच लागला. मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, पाल तिथूनच शिरते. आणि पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालवा, आतल्या उबेने दमट हवा टिकत नाही. गणपतीला येऊन घर उघडायचं आणि मग शिमग्यापर्यंत कुलूप, अशा घरात डेस्कटॉप ठेवूच नये असं माझं मत आहे. तिथे लॅपटॉप बरा, बरोबर नेता येतो. नदीकाठी राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा खालच्या वस्तू उचलायला वेळ मिळाला नाही.

खरेदी कुठे करायची? मुंबईला लॅमिंग्टन रोडवर निवड मोठी आणि भाव कमी, आणि सामान तुतारी किंवा कोकणकन्येने मांडीवर धरून आणता येतं. पण मदरबोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला की पुन्हा मुंबई. माझी वाटणी अशी: प्रोसेसर आणि रॅम स्वस्त मिळेल तिथून, कारण ते क्वचित बिघडतात. बोर्ड, एसएमपीएस आणि यूपीएस कुडाळ, रत्नागिरी असं जवळच्या दुकानातून, पक्क्या जीएसटी बिलावर.

ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉपही बरेच जण विचारतात. निव्वळ टायपिंग आणि इंटरनेटसाठी त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. मात्र आठव्या पिढीच्या आधीचं इंटेल घेऊ नका. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. वाढवायचं असेल तर हा पर्याय सोडाच. ह्यातल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस आणि त्याच्या पिना कंपनीच्या स्वतःच्या असतात, छोट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही.

भाचीने दोन दिवसांनी यादी पाठवली. आधी रॅम, मग नोकरी लागल्यावर भावासाठी गेमचं कार्ड. प्रोसेसर बदलायचं तिच्या मनात नव्हतं. म्हणून एएम५ चा नाद सोडला. आय५-१२४००, चार स्लॉटचा डीडीआर४ बोर्ड, आठ-आठच्या दोन पट्ट्या, आणि वाचलेल्या पैशांतून चांगला एसएमपीएस व यूपीएस. तिचं उत्तर "आत्ताच थोडे गेम, कार्डाचं काही नक्की नाही" असं असतं तर ५६००जी घेतला असता. "पाच वर्षांनी प्रोसेसर बदलेन" असं असतं तर ७६०० साठी अजून दोन-तीन महिने थांबायला सांगितलं असतं.

मशीन तिच्या टेबलावर ठेवलंय, खिडकीपासून लांब. दोन रॅम स्लॉट रिकामे आहेत. एसएमपीएसची आठ पिनांची वायर गुंडाळून टाय मारून बोर्डामागे ठेवली आहे आणि ती कुठे आहे ते तिला बाजूचा पत्रा काढून दाखवलंय.