सायकेडेलिक पोस्टर करायचंय, तर आधी वेस विल्सन की व्हिक्टर मॉस्कोसो?

दोघंही सॅन फ्रान्सिस्कोत रॉक कार्यक्रमांची पोस्टर्स करणारे कलाकार, दोघांचं गाजलेलं काम 1966-67 मधलंच, आणि नवीन माणसाला दोघांचं सगळं सारखंच दिसतं, वितळलेली अक्षरं आणि डोळ्यात घुसणारे रंग. पण तुम्ही कॉलेजच्या फेस्टसाठी किंवा ओळखीतल्या बँडसाठी असं पोस्टर करायला बसला असाल आणि कोणाला समोर ठेवायचं ते ठरत नसेल, तर हे लक्षात घ्या की विल्सनचं पोस्टर अक्षरांवर उभं आहे आणि मॉस्कोसोचं रंगांवर.

विल्सन छापखान्यात काम करता करता पोस्टरकडे वळला. बर्कलीला 1965 मध्ये जुन्या जर्मन पोस्टर्सचं प्रदर्शन होतं, त्यातून त्याला व्हिएन्ना सेसेशन या कलाकारांच्या गटातल्या आल्फ्रेड रोलरची अक्षरं सापडली. रोलरचं 1903 चं पोस्टर शोधून बघाच, अक्षरं म्हणजे जवळजवळ चौकोनी ठोकळे आणि मधे नुसती बारीक फट. विल्सनने तेच ठोकळे उचलले आणि वाकवले, जिथे जागा रिकामी तिथे अक्षर फुगवायचं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर ऑडिटोरियम या हॉलसाठी त्याने 1966 मध्ये द असोसिएशन या बँडच्या कार्यक्रमाचं पोस्टर केलं, त्यात हिरव्यावर लाल ज्वाळा आहेत आणि त्या ज्वाळा म्हणजेच बँड्सची नावं, वेगळं चित्र काढायची गरजच पडलेली नाही!

देवनागरीत करणार असाल तर विल्सन भारी उपयोगी पडतो, कारण शिरोरेषा वाकवली की अख्खा शब्द वाकतो, आणि वेलांट्या, रफार, उकार वरखालच्या मोकळ्या जागा भरायला तयारच असतात. फक्त एक सांभाळा, शिरोरेषा जाड केली की तिच्यातली फट बुजते आणि मग घ-ध, भ-म ओळखू येत नाहीत. ती फट आधी आखून घ्या आणि मग बाकीचं फुगवा.

मॉस्कोसोची गोष्ट उलटी. तो रीतसर शिकलेला, आधी कूपर युनियन आणि मग येलला, रंगांच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली. शाळेत जे करू नका म्हणून सांगितलं तेच त्याने पोस्टरवर केलं, म्हणजे लाल-हिरवा किंवा निळा-केशरी असे विरुद्ध रंग, दोन्ही सारखेच गडद, एकमेकांना खेटून. उजेड-अंधाराचा फरक नसला की डोळ्याला कड पकडता येत नाही आणि ती थरथरल्यासारखी दिसते. विल्सनच्या त्या ज्वाळांमध्येही हे आहे, पण मॉस्कोसोने ते हिशोबाने केलंय. 1967 चं चेंबर्स ब्रदर्स या बँडचं पोस्टर बघा, गॉगल घातलेला चेहरा, आणि मजकूर गॉगलच्या काचांमध्ये.

हे जमलंय का ते तपासायची सोपी युक्ती म्हणजे डिझाइन ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचं. अक्षरं मागच्या रंगात जवळजवळ विरघळली तर रंग बरोबर जुळलेत, ठळक दिसली तर अजून काम बाकी आहे. अडचण छपाईत येते, कारण स्क्रीनवर झगझगणारा केशरी साध्या चार रंगांच्या डिजिटल प्रिंटमध्ये मरतो. त्यापेक्षा लग्नपत्रिका नाहीतर टी-शर्ट छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला गाठा, दोन तयार शाया घ्या, फ्लोरोसंट मिळाली तर उत्तमच.

माझं मत विचाराल तर आधी मॉस्कोसो. हात फारसा चालत नसला तरी रंगांचे नियम शिकता येतात आणि दोन-चार प्रयत्नांत फरक दिसतो, विल्सनसारखी अक्षरं यायला मात्र महिनोनमहिने गिरवावं लागतं, शॉर्टकट नाही, आणि नेटवरचे तयार फॉन्ट वापरू नका, त्यात प्रत्येक अक्षर एकाच साच्यातलं येतं आणि जागेप्रमाणे फुगणं हा मूळ मुद्दाच जातो. पण पोस्टर फक्त इन्स्टाग्रामवर जाणार असेल आणि तुमचं सुलेखन मुळात चांगलं असेल तर बिनधास्त विल्सन धरा.

चित्र आणि अक्षर दोन्ही जमत नसतील तर त्याच काळातली तिथलीच पोस्टरवाली जोडी, स्टॅनली माउस आणि आल्टन केली बघा. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा त्यांनी एडमंड सलिव्हनच्या उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेल्या जुन्या चित्रावरून घेतला, रंग आणि अक्षरं आपली घातली, आणि आज तो सांगाडा लोक त्या बँडचाच म्हणून ओळखतात.