टाइड फ्री अँड जेंटल: माझ्या कातडीला मानवलं

जळगावच्या उन्हात घामोळं नवं नाही, पण लेकीकडे न्यू जर्सीला गेले आणि आठवड्यात मान, कोपराची लवण, परकराची नाडी बसते ती जागा लाल चट्ट्यांनी भरली. रात्र रात्र खाज. तिच्या घरचं कपडे धुवायचं लिक्विड फार वासाचं. धुतलेली चादर दोन-दोन दिवस घमघमायची.

दुकानात मी ‘अनसेंटेड’, म्हणजे बिनवासाचं, लिहिलेली बाटली उचलली, तर लेक म्हणाली, “आई, ती नको.” अनसेंटेडमध्ये मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य असू शकतं, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, म्हणजे सुगंधी द्रव्यच नसलेलं, बघायचं. मग हे टाइडचं लिक्विड घेतलं. यात ना रंग, ना अत्तर.

झाकणातल्या रेघेच्या वर जाऊ नका. जास्त ओतलं की कपड्यात राहतं आणि तेच चावतं. मशीनवरचं एक्स्ट्रा रिन्सचं, म्हणजे जादा खळबळण्याचं, बटण मी दर वेळी दाबायचे. ड्रायरमधल्या सुवासिक पट्ट्या तर बंदच केल्या. दहा दिवसांत कातडी निवली, झोप लागली.

भरताच्या तेलाचा डाग मात्र एका धुण्यात गेला नाही, हाताने चोळावा लागला. तरी परदेशी निघालेल्या प्रत्येकीला मी हेच सांगते. आधी एकच गाऊन धुऊन दिवसभर घालून बघा.