सामानासाठी घेतलेली जुनी २०७ : पैसे दारांनी वसूल केले

वडिलांची टाटा २०७ पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून दिवाळीनंतर यावलकडून दुसरी जुनी २०७ घेतली, फक्त सामान काढायला. ४५ हजार, ओढून आणायचं भाडं वेगळं. एवढे महिने लिहायचं टाळलं, पण परवा तिची दोन्ही दारं आमच्या गाडीला बसली. आता राहवत नाही.

घेताना माझा सगळा हिशोब इंजिनावर होता. आज विचाराल तर सांगेन, इंजिनासाठी आख्खी गाडी घेऊ नका. १९४८ सीसीचं हेच डिझेल इंजिन १९९१च्या सिएरात होतं, १९९४च्या सुमोतही होतं. सुमो आपल्याकडे इतक्या फिरल्या की हेड, पिस्टन अजूनही शोधलं तर मिळतं. मिस्तरी तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "भाऊ, इंजिन सुमोनं भी मियी जाई, आसं दार कथाईन लयशी?" म्हणजे इंजिन सुमोचंही मिळून जाईल, असं दार कुठून आणशील? आणि २०७ डीआयचं इंजिन कुणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा. ते २९५६ सीसीचं, वेगळंच प्रकरण आहे.

तर दारं. जुन्या पिकअपचं दार बाहेरून चकचकीत असतं आणि आतून संपलेलं असतं. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी खालच्या बारीक भोकांतून निघून जायला हवं. धूळ नि कापसाची रुई अडकून ती भोकं बुजली की पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून कुजतो. मी सौदा करताना काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं. खालून लगेच धार लागली. मग दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचललं, बिजागरीत जराही खेळ नाही. काच खाली-वर करायचं मशीनही मूळचं. आता दार लावलं की एकदाच 'खट्ट' होतं, दुसऱ्यांदा ओढावं लागत नाही. त्या आवाजासाठी मी दिवसातून उगाच दार उघडतो.

मागचा माल भरायचा हौदा मात्र पूर्ण वाया. गाडी यावलच्या केळीपट्ट्यातली. केळीला पोटॅश खत भरपूर लागतं, गोणी फुटली की ते पत्र्यावर सांडतं, आणि ते क्लोराइडचं मीठच असल्याने ओल धरून लोखंड खातं. केळीपट्ट्यातली गाडी घेणार असाल तर हौद्याचे पैसे धरूच नका.

खरा मनस्ताप कागदांनी दिला. आधीच्या मालकाने कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच! बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ आणि एनओसीसाठी फायनान्सवाल्यांनी मला इतके हेलपाटे घालायला लावले की आठवलं तरी डोकं तापतं. प्रत्येक वेळी "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आरसीवर बोजा असला की फायनान्सवाल्यांच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. आणि गाडी मोडीत काढली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. चेसिस नंबर असलेला तुकडा म्हणूनच मी अजून कापू दिलेला नाही. भंगारवाला रोज विचारतो, त्याला थांबवून ठेवलंय.

एनओसी आली, गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून दिलेत. पुढच्या काचेचं रबर तेवढं दोन्ही गाड्यांचं गेलेलं आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही २०७चं न तडकलेलं रबर दिसलं तर किमतीसकट कळवा. मी येऊन घेऊन जाईन.