बर्लिन फिलहार्मोनिकचा डिजिटल कॉन्सर्ट हॉल: आठ महिन्यांनंतर

बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राच्या मैफली घरबसल्या ऑनलाइन दाखवणाऱ्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलचं आधी एकच महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, म्हटलं बघू, कारण वेस्टर्न क्लासिकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणारे झुबिन मेहता मुंबईचे, एवढीच काय ती ओळख. आता आठ महिने झाले.

लाइव्हचं आधी सांगतो. तिकडे संध्याकाळी सातचा कार्यक्रम असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहा, थंडीत साडेअकरा वाजतात आणि नेमकं तेव्हाच आमच्या केबलवाल्याचं नेट झोपतं. त्यामुळे मी जास्त रमलो ते अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मैफलींच्या साठ्यात.

सुरुवातीला तारखेप्रमाणे बघत सुटलो आणि कंटाळलो. मग एकच गोष्ट वेगवेगळ्या कंडक्टरची बघायला लागलो, बेथोव्हेनची नववी सिम्फनी, आणि तिथे गंमत कळली. यांचा पूर्वीचा चीफ कंडक्टर कारायान, त्याच्या जुन्या फिल्ममध्ये कॅमेरा सगळा त्याच्यावरच, डोळे मिटलेले, हात जणू पिठात घातलेत, आणि वादक म्हणजे नुसत्या व्हायोलिनच्या गजांच्या रांगा, त्यात एक बाई नाही. आई म्हणाली, डोळे मिटून वाजवून कसं घेतो हा बाबा? पेट्रेंकोची २०१९ ची, म्हणजे तो चीफ कंडक्टर झाला तेव्हाची पहिली मैफल लावा, हा माणूस हसतो, भुवया उडवतो, आणि शेवटच्या भागात ती प्रसिद्ध चाल फक्त चेलो आणि डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं) धरतात ना, इतकी हळू, की मी पंखा बंद केला.

मग इतिहास वाचत गेलो. १८८२ साली बिल्झे नावाच्या बँडमास्तराने वॉर्सा दौऱ्याला चौथ्या वर्गाच्या डब्यातून न्यायचं ठरवलं, ५४ वादक भडकले, वेगळे झाले आणि त्यातूनच हा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. आपल्याकडे किर्लोस्कर कंपनीतून फुटून गंधर्व मंडळी निघाली तसंच की! (ते १९१३, आणि त्याच वर्षी तेव्हाचा कंडक्टर निकिशने या ऑर्केस्ट्राकडून बेथोव्हेनची पाचवी अख्खी रेकॉर्ड करून घेतली.) मालक नकोच म्हणून निघालेले लोक, त्यामुळे कंडक्टर आजही वादकच मत देऊन निवडतात.

कारायान ३५ च्या आसपास वर्षं होता पण त्यालाही सोडलं नाही. त्याला क्लॅरिनेटला झबिने मायर हवी होती, वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नाही म्हटलं, सूर आमच्यात मिसळत नाही म्हणे. बाई शेवटी स्वतःच निघून गेल्या, कारायान आणि ऑर्केस्ट्राचं मात्र त्यानंतर कधी धड जमलं नाही. मला विचाराल तर वादकांचं कारण काही पटत नाही, कारण त्यांच्यात पहिली बाई, माडलेन कारूत्सो, आली तीच मुळी १९८२ ला, शंभर वर्षांनी. आणि पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बाई बसायला २०२३ उजाडलं.

कारायानच्या आधीचा कंडक्टर फुर्टवेंग्लर, त्याच्याबद्दल अजून मत बनत नाही. हिटलरच्या काळात राहिला, वाजवून घेत राहिला, गोबेल्सशी हात मिळवतानाची फिल्म आहे, आणि तरीही त्याचं रेकॉर्डिंग कानावर पडलं की हातातलं काम थांबतं. त्याच्या मागून १९४५ मध्ये आलेला लिओ बोर्खार्ड मात्र कुणाला आठवत नाही, युद्ध संपल्यावर याच माणसाने ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा केला आणि तीन महिन्यांत चेकपोस्टवर अमेरिकन शिपायाच्या गोळीने, चुकून, गेला.

घ्यायचं असेल तर चांगले हेडफोन आधी घ्या, टीव्हीच्या स्पीकरवर डबल बास ऐकूच येत नाही. मी वर्षाचं केलंय. आईला कारायाननंतरचा कंडक्टर अब्बाडो आवडतो, तो दिसायला आमच्या नानामामासारखा आहे असं तिचं म्हणणं.