किनारा सोडला, नदी धरली : गोव्यातल्या गावरस्त्यांवर धावण्याचे दहा महिने

गेल्या ऑक्टोबरपासून या जुलैपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस, मी डिचोली, दिवाडी, जुने गोवे, पणजी आणि फोंडा या पट्ट्यात धावते आहे. मी मूळची डिचोलीची, वय एक्केचाळीस, नोकरी पणजीत. नव्याने धावायला लागणाऱ्या बायका मला सारखं विचारतात, की गोव्यात धावायचं तर कुठे? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात मीही किनाऱ्यापासूनच केली होती. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते, वारा असतो, मन प्रसन्न होतं. पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. तीन आठवड्यांत माझ्या गुडघ्याची बाहेरची बाजू इतकी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी सांगितलं, सपाट रस्ता बघा. म्हणून मी नदीकडे वळले, आणि आता माझं ठाम मत आहे की गोव्यात धावायचं खरं सुख मांडवीच्या काठावर आहे, समुद्राच्या नाही.

सगळ्यात जास्त वापरलेला माझा मार्ग नार्वे ते जुने गोवे आणि परत. डिचोलीहून पहाटे स्कूटरने नार्व्याला जायचं आणि श्री सप्तकोटेश्वराच्या देवळापाशी गाडी लावायची. हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचं कुलदैवत. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग अलीकडे, नार्व्यात आणलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथे देवळाचं काम सुरू झालं. शके 1590 चा उल्लेख असलेला शिलालेख दारावर आहे. मी देवळापुढच्या दीपस्तंभाला हात लावून घड्याळ सुरू करते. देव ज्या वाटेने अलीकडे आला, त्याच वाटेने आपण उलटं पलीकडे चाललोय, हा विचार पहिल्या महिन्यात रोज मनात यायचा. आताही येतो.

मग फेरीबोट. या मार्गाची खरी मजा इथे आहे आणि खरी अडचणही. पायी जाणाऱ्याला भाडं नाही, पण बोट आपल्यासाठी थांबत नाही. धक्क्यावर पोचावं तर बोट पलीकडे, मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. सुरुवातीला माझी चिडचिड व्हायची. अंग थंड पडतं, पोटऱ्या आखडतात. पुढे मी वेळापत्रकच बोटीला जोडलं. धक्का येण्याआधीची पाच मिनिटं हळू धावायचं, बोटीवर कठडा धरून पोटऱ्या ताणून घ्यायच्या. सकाळच्या बोटीवर चार स्कूटर, एखादी मासळीची टोपली आणि शाळेची दोन पोरं. पलीकडचा धक्का जवळ आला की फळी साखळीवरून करकरत खाली येते, आणि ती टेकायच्या आधीच स्कूटरवाले गिअर टाकतात. मी सगळ्यांना जाऊ देते आणि शेवटी उतरते. आता बोटीवरचे लोक ओळखीचे झालेत. उशीर झाला की त्यांच्यातला एक जण हाक मारतो, ‘‘बाय, आयज कळाव जालो?’’

दिवाडीवरचा रस्ता अरुंद पण शांत. झाडांखालून, जुन्या घरांच्या कुंपणांवरून जात पिएदाद गावापर्यंत पोचतो आणि मग चर्चची टेकडी लागते. चढण छोटी आहे पण दमवते. पहिले दोन महिने मी ती चालत चढायचे. वर चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपल आहे; त्यात कदंबकाळातल्या देवळाचं दगडी कोरीवकाम अजून टिकून आहे. धावता धावता डोकावण्याची ती जागा नाही, थांबून, बूट बाहेर झटकून, शांतपणे बघण्याची आहे. तिथून नदीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. धुकं असलं तर आधी फक्त मनोरे दिसतात, खालचा गाव नंतर उजळतो.

टेकडी उतरली की धक्क्यापर्यंतचा सरळ रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजन शेतांमधून जातो. माझ्या दहा महिन्यांतले सगळ्यात आवडते दोन किलोमीटर हेच. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन. बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतात. माणूस लागत नाही. मी एकदा मुद्दाम थांबून बघितलं : दार मिटायच्या वेळी फटीतून येणारी पाण्याची धार आधी बारीक झाली, मग झडपेवर नुसते बुडबुडे उरले, आणि एक बगळा तिथेच, अगदी तोंडाशी, मासा टिपायला टपून बसलेला. पावसाळ्यात या शेतांत भात, तेही खारं पाणी सोसणारं कोरगुट. जानेवारीत इथे धावलं तर दोन्हीकडे तांबूस कोरडी शेतं आणि पक्ष्यांचे थवे. जूनमध्ये चिखलात बायका वाकून लावणी करत असतात. रस्ता तोच, पण धावणं वेगळं.

दुसऱ्या बोटीने जुन्या गोव्याला उतरलं की समोर थेट व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा. घामाने निथळत त्याच कमानीखालून जाताना मला दर वेळी मजा वाटते. पुढे से कॅथेड्रल, बॉम जेझस बॅसिलिका. बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला, म्हणून ती आज उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, लालसर दिसते; सकाळच्या कोवळ्या उन्हात तो चिरा अक्षरशः पेटतो. टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा, साधारण 46 मीटर उंचीचा. त्या मनोऱ्याच्या चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा एक भाग तेवढा उरला. तिथपर्यंतचा चढ हा माझा परतीचा टप्पा. फेरी, टेकडी, फोटोचा मोह सगळं धरून जाऊन-येऊन सव्वादोन तास धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला इकडे धावायला येऊ नका. 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्तासाठी, म्हणजे सणासाठी, भाविक पायी येतात, रस्ता त्यांचा असतो.

पणजी ते रायबंदर कॉजवे मी महिनाभर वापरला आणि सोडला. 1633-34 मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, एका बाजूला नदी आणि दुसरीकडे मिठागरं. देखणेपणात त्याला तोड नाही. पण पायी माणसाला हक्काची कड नाही, आणि सकाळी सातनंतर बस कानाजवळून जाते. रविवारी पहाटे, उजेड फुटताना, एवढंच त्याचं योग्य वेळापत्रक. पणजीतल्या मळा आणि फोंताईन्हास या जुन्या वस्त्यांचंही तसंच. रंगीत भिंती, सेंट सेबॅस्टियनचं चॅपल, त्यातला उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त. पण गल्ल्या तोकड्या आहेत, दर शंभर पावलांवर वळण आणि आठनंतर फोटो काढणारे. सरावाला नको, मोकळ्या पायाने फिरायला उत्तम. हळदोण्याहून खोर्जुव्याच्या किल्ल्यापर्यंतचा रस्ता दोनदाच धावले. आवडला, पण घरापासून लांब पडतो.

फोंड्याची देवळं हा मात्र वेगळाच विषय. माझी मोठी बहीण कवळ्याला दिलेली, त्यामुळे महिन्यातून दोनदा मुक्काम असतो. कवळे, रामनाथी, नागेशी ही देवळं एकमेकांपासून पायी अंतरावर, मधल्या वाटा कुळागरांमधून. पोफळी, नारळ, केळी, पोफळीवर चढलेली मिरी, खाली पाटाचं झुळझुळतं पाणी. एप्रिलमध्ये बाहेर अंगाची लाही होत असते तेव्हा कुळागरात शिरताच गारवा जाणवतो. चढ-उतार भरपूर, मांड्या चांगल्या तयार होतात. पण सावलीतल्या चिऱ्यावर शेवाळ असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी नागेशीच्या बाजूला घसरून आडवी झाले, कोपर सोलवटलं. बहिणीने हळद लावली आणि वर ओरडलीही, ‘‘पावसात कसलं गं धावणं तुझं!’’ ती चुकीची नव्हती. तेव्हापासून पावसात कुळागर बंद, डांबरी रस्ताच. मंगेशी आणि म्हार्दोळ हमरस्त्याला लागून आहेत. तिथे दर्शन घ्यावं, धावू नये.

दहा महिन्यांत काय खटकलं तेही सांगते. डिचोली परिसरात खनिजाचे ट्रक सुरू झाले की लाल धूळ घशात जाते, म्हणून त्या रस्त्यावर उजाडायच्या आत जाऊन यायचं. एका रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणलेला चर चार महिने तसाच होता. अंधारात माझा पाय मुरगळता मुरगळता वाचला. तेव्हापासून डोक्यावर दिवा लावते. पावसाळ्यात तो सापांसाठीही हवाच. कुत्री सगळीकडे आहेत. पळत सुटू नका, चालायला लागा, दोन आठवड्यांत ती तुम्हाला ओळखतात. बाईमाणूस एकटी म्हणून मला दिवाडीवर कधी भीती वाटली नाही, पण घरच्यांना ठिकाण दिसेल असा फोन सोबत असतोच.

सामानात सगळ्यात उपयोगी ठरली ती बुटांची दुसरी जोडी. जून-जुलैत बूट एका रात्रीत वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, संध्याकाळी एकदा बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी. पंख्याखाली नुसते ठेवले तर वास येतो आणि तळवा सुटतो. माझ्या पहिल्या जोडीचा सुटला. दमटपणामुळे घाम वाळत नाही, काखेत आणि मांड्यांना घासतं. खोबरेल तेल लावलं की भागतं. मार्चपासून अर्धा लिटर पाणी कमरेला हवंच. एप्रिलमध्ये एकदा मी पाण्याशिवाय गेले आणि परतीची बोट नुकतीच सुटलेली. वीस मिनिटं धक्क्यावर, उन्हात, डोळ्यांपुढे अंधारी. एका आजोबांनी पिशवीतलं शहाळं फोडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

आता जुलै आहे. पाऊस जोरात असला, नदी फुगली की फेरी बंद पडते, म्हणून निघण्याआधी मी नार्व्यातल्या चहावाल्याला फोन करते. तो धक्क्याकडे बघून सांगतो. परवा म्हणाला, बोट चालू आहे, पण घाई करू नका, पोदेर, म्हणजे पाववाला, अजून पलीकडेच आहे. मी पोचले तेव्हा बोटीतून तो सायकल उतरवत होता, भोंपू वाजवत. टोपलीवरच्या प्लास्टिकवर पावसाचे थेंब, आत गरम पोया, म्हणजे गोव्याचे पाव. दोन घेतल्या, ओढणीत गुंडाळून देवळाच्या ओसरीवर ठेवल्या आणि परत बोटीत चढले.