‘टेस्ट असाइनमेंट’च्या नावाखाली फुकटात काम करून घेतात, सावध राहा

चित्रकलेतून यूआय डिझाइनकडे, म्हणजे ॲपच्या स्क्रीन्स बेतण्याच्या कामाकडे, वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण या जाळ्यात नेमके आपल्यासारखेच सापडतात. अनुभव नसतो, पोर्टफोलिओत स्केचेस आणि जलरंग असतात, आणि “आम्हाला कलेची बैठक असलेलंच माणूस हवंय” असं कुणी म्हटलं की आपण विरघळतो. मी नोकरीसाठी गेले त्या कंपनीतल्या लोकांनी तर मला सुसान केअरची गोष्टही ऐकवली. ललितकलेत डॉक्टरेट केलेली, शिल्पं घडवणारी ही बाई. ॲपलच्या 1984च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हं तिनं आलेखाच्या कागदावर 32 बाय 32 चौकटींत एकेक चौकोन भरत बेतली. गोष्ट खरी आहे. सांगणारे खोटे निघाले.

मुलाखत नावापुरती झाली आणि टेस्ट आली: एका ‘काल्पनिक’ ॲपच्या लॉगिनपासून पेमेंटपर्यंतच्या सगळ्या स्क्रीन्स. सोबत सूचना होत्या. ओटीपी उशिरा आला तर काय दाखवायचं, पैसे खात्यातून गेले पण पेमेंट अडकलं तर कोणता मेसेज. काल्पनिक ॲपसाठी इतक्या बारीक अडचणी कोण लिहून देतं? रोज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्यालाच त्या सुचतात.

काम दिलं की “मस्त, आता फक्त डार्क मोड” असं यायचं. मग एम्प्टी स्टेट्स, म्हणजे दाखवायला काहीच नसतं तेव्हाच्या स्क्रीन्स. मग सगळे आयकॉन्स एसव्हीजीमध्ये, म्हणजे थेट ॲपमध्ये वापरता येतील अशा फाइल्समध्ये. शेवटी फिग्मा (डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) फाइलचा एडिट ॲक्सेस, का तर टीमला कॉम्पोनंट्स, म्हणजे बटणांसारखे पुन्हा पुन्हा वापरायचे भाग, कसे बांधलेत ते बघायचंय. तो मिळाल्यावर एकच ओळ आली: पोझिशन सध्या होल्डवर आहे.

पुढे त्यांच्या ॲपच्या अपडेटमध्ये माझे आयकॉन्स दिसले. पाकिटाचा एक कोपरा मी मुद्दाम किंचित कलता ठेवला होता, हातानं काढल्यासारखा वाटावा म्हणून. तो तसाच. बदल एकच, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. चोरलंच होतं तर कॉन्ट्रास्ट तरी 4.5:1 ठेवायचा, अक्षरं नीट वाचता यायला किमान तेवढा लागतो!

या सगळ्यात “हे बटण इथेच का?” असं एकदाही कुणी विचारलं नाही. नंतर खऱ्या मुलाखती दिल्या तेव्हा फरक कळला. तिथे टेस्ट तास-दोन तासांची होती, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेली. मोठं काम असेल तर पैसे देऊ केले. स्क्रीन कच्ची असली तरी चालली. वापरणारा कोण, अंगठा कुठे पोचतो, चुकला तर मागे कसा येईल, यावर मात्र घाम काढला.

त्या कंपनीला जाब विचारला तर म्हणे, “आयडिया कॉमन असतात.” कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे खरं, पण काढलेल्या आयकॉनवर असतो. पेन्सिलची मूळ स्केचेस आणि तारखांसकट ईमेल जोडून पाठवले, तेव्हा पुढच्या अपडेटमध्ये आयकॉन्स गुपचूप बदलले. पैसे नाहीत, माफी नाही. मांडणी अजून माझीच आहे, पण तिच्यावर हक्क सिद्ध करणं फार कठीण.

आता टेस्ट आली की आधी लेखी विचारते: हे तुम्ही वापरणार का, आणि वापरलंत तर मानधन किती? पाठवते ती नाव टाकलेली पीडीएफ. फिग्माची नुसती बघण्याची लिंक पुरेशी नाही. कॉपी आणि एक्सपोर्टची परवानगी वेगळी बंद करावी लागते. असा ईमेल गेल्यावर एका ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. दुसरीकडे म्हणाले, “फाइल नकोच, कॉलवर दाखवा आणि बोला.”