हनुवटी खाली, हनुवटी वर: माझे 46,249 रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. सत्तावीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासतोय. तरी मानेच्या दुखण्यापायी पुण्यातल्या एका कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्या) सेंटरमध्ये 46,249 रुपये घालवले. हाताला मुंग्या, रात्रभर झोप नाही. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही.

सुरुवात नेहमीचीच, 299 रुपयांत तपासणी. लगेच तिथंच चार एक्स-रे, 3,200. उपचार करणाऱ्या साहेबांनी फिल्मवर लाल पेनने रेघ ओढली. "मानेचं वळण गेलंय, नस इथं दबलीय. उशीर केलात तर ऑपरेशन." एक्स-रेत हाडं दिसतात, नस दिसत नाही. ती बघायला एमआरआय लागतो. हे हाडांच्या डॉक्टरांनी नंतर दोन मिनिटांत सांगितलं. 24 सिटिंगचं पॅकेज 48,000चं, "आज भरलंत तर 36,500". भरले. वर कॉलर 850, उशी 5,400.

सिटिंग म्हणजे काय? शेक, मग आयएफटी, म्हणजे पॅडमधून सौम्य विजेचा प्रवाह. एक मुलगी ओल्या स्पंजचे चार पॅड मानेवर चिकटवून मोबाइल बघत बाहेर जायची. शेवटी साहेब येऊन मान कटकन मोडायचे, की झालं. तो आवाज सांध्यातल्या वायूचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही. एका सिटिंगला जवळपास 1,521 रुपये पडले. तेच आयएफटीचं मशीन आमच्या गल्लीतली फिजिओथेरपिस्ट 350 रुपयांत लावते, आणि शेजारी उभी राहते. आधी तिथं विचारा.

आता जे आठवलं की अजून कान तापतात ते. बाराव्या सिटिंगला 'प्रोग्रेस एक्स-रे', फुकट. पहिल्या वेळी टेक्निशियन म्हणाला होता, "काका, हनुवटी छातीकडे घ्या." या वेळी म्हणाला, "काका, हनुवटी वर." मी ऐकलं. स्वतःच्या कानांनी! आणि साहेब "बघा, वळण परत आलं" म्हणाले तेव्हा खूश होऊन दोन्ही फिल्मचे फोटो काढले. घरी बायकोने एकदाच बघितलं. "अहो, यात तुम्ही खाली बघताय आणि यात वर. मान तशीच दिसणार ना?"

पैसे मागितले तर पावती पालथी करून दाखवली: 'वेलनेस सेवा, रक्कम परत मिळणार नाही.' फिल्मही देईनात. तुम्ही पैसे भरण्याआधी फिल्म नाहीतर सीडी ताब्यात घ्या.

चौकीत गेलो. "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला आहे." डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात गेलो. "ते आमच्याकडे नोंदलेले नाहीत, म्हणून आमच्या अखत्यारीत नाहीत." म्हणजे नोंदणी असलेला चुकला तर चौकशी, नसलेला मोकळा! मग बाहेरच्या पाटीवर 'डॉ.' कसं, विचारलं तर म्हणे चौकीत जा. चौकीतून इकडेच पाठवलं होतं. तीन अर्धे दिवस रजा, दोन अर्ज, पोच एकाचीच, तीही मागून घेतलेली. अर्ज घेणारा पेढे खात होता, कुणाची तरी बढती झाली होती.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. सिंहगड रस्त्याच्या बाजूला कुणी असं पॅकेज घेतलं असेल तर दोन्ही एक्स-रेमधली हनुवटी ताडून बघा आणि मला कळवा. माझ्याकडे फिल्म नाहीत, मोबाइलमधले दोन फोटोच आहेत.